आमच्यात पुरतात

जोहरा मॅडमनी गठ्ठ्यातला पुढचा पेपर उघडला आणि आणखी एक आई तुळईखाली मेली. मरताना तिने हात वर केला होता, ओठ काहीतरी पुटपुटत होते आणि लेकरू "काळीज चिरणारा टाहो" फोडत होतं. लिहिणारा पोरगा उदगीरच्या आडत्याचा. त्याची आई चांगली ठणठणीत होती. दर रविवारी डबा घेऊन लातूरला यायची आणि लेकाची प्रगती विचारून मॅडमचं डोकं खायची.

सराव परीक्षेला निबंध होता, "भूकंपग्रस्ताचे मनोगत". भूकंपाला दहा वर्षं होत आली, म्हणजे यंदा बोर्डाला येणारच, असा भीमाशंकर सरांचा होरा. क्लास त्यांचाच. त्यांनी नमुना निबंध स्वतः लिहून, छापून पोरांत वाटला होता. सुरुवातीला काळरात्र, मग गणपती बोळवून दमून झोपलेलं गाव, मग होत्याचं नव्हतं, मधे एक सुभाषित, आणि शेवटी "आईच्या चितेला अग्नी देतानाच डॉक्टर होण्याचा निश्चय केला." पोरांनी तो जसाच्या तसा घोकला होता. एका पोरीने तर "मी तिचा एकुलता एक पुत्र" हेसुद्धा तसंच उतरवलं होतं.

कवितेचीही तीच गत. कालच तासाला फरहानने विचारलं होतं, "मॅडम, कविता वाचावीच लागते का? भाषाशैली तर पाठ हाय माझी. 'कवीने साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत.' कोणत्याबी कवितेला लागू होते."

वर्ग हसला. जोहराही हसली, आणि मग तिला स्वतःचीच शिसारी आली. मराठी घेऊन एम.ए. करताना सगळ्या मोहल्ल्याने तिला विचारलं होतं, मराठीच का? कविता वाचताना अंगावर काटा येतो म्हणून, असं तेव्हा ती सांगायची. आता काटा येत नव्हता. मळमळ यायची.

पुढचा पेपर दानम्माचा होता. ही औसा तालुक्यातल्या पुनर्वसनाच्या गावातली लिंगायत पोर, भूकंपग्रस्त म्हणून सरांनी फी न घेता बसवलेली. गणितात पहिली, विज्ञानात पहिली. तिने लिहिलं होतं:

"आमच्यात पुरतात. विभूती लावून, बसवून पुरतात. माझ्या अव्वाला जाळलं. माणसं लई मेली होती, खड्डे कोण खणणार. पावसाने लाकडं ओली होती म्हणून रॉकेल टाकलं. सगळे एकातच होते, त्यामुळे राख कोणाची ते समजलं नाही. मी पाच वर्षांची होते. मदतीच्या गाडीवाल्यांनी मला बिस्किटाचा पुडा दिला होता, तो मी खात बसले होते. लई गोड होता. आता बिस्किट दिसलं की भूक पण लागते आणि ओकारी पण येते. आप्पा श्रावणात भावकीच्या सगळ्या समाध्यांवर बेल वाहतात. अव्वाच्या वाट्याचा बेल तसाच घरी आणतात. मग तो गाय खाते."

बस्स. तिथेच संपलं होतं. सुभाषित नाही, संदेश नाही, डॉक्टर तर नाहीच.

जोहराने ते पुन्हा वाचलं. तिची अम्मी कबरस्तानात होती, कडुनिंबाखाली. शब-ए-बारातीला पाशामियाँ, तिचे वडील, फुलं घेऊन जायचे, कबरीवरचा पाला वेचायचे आणि तिथेच घटकाभर बसून यायचे. जायला जागा असणं ही काही मिळकत आहे, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिने दहापैकी नऊ दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.

दुसऱ्या दिवशी भीमाशंकर सरांनी बोलावलं. दानम्माचा पेपर त्यांच्या पुढ्यात होता.

"मॅडम, हे काय केलंत तुम्ही? नऊ?"

"या गठ्ठ्यात एवढा एकच निबंध आहे सर. बाकी तुमचं पाठांतर आहे."

सर चिडले नाहीत. तो माणूस चिडायचा नाही, हेच त्याचं वाईट होतं. "मी काय दगड नाही. दोनदा वाचला मी तो. पण बोर्डाचा तपासणारा काय करणार? त्याला दिवसात गठ्ठे उरकायचेत. अव्वा म्हणजे कोण, हे त्याला कोण सांगणार? आणि आई मेली तर पोरगी बिस्किट खाते! किळस येते हो वाचून."

"यायलाच पाहिजे."

"किळसेला मार्क नसतात, मॅडम." सरांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "मराठीत चार मार्क गेले की पोरगी मेरिटमधून गेली. बाप दालमिलला हमाली करतो. तिचं आयुष्य निघायचं असलं तर आत्ताच. तुम्ही तिला नमुना शिकवा. माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकते."

त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून जोहराला अधिकच किळस आली. खोटं खोटंच असतं तर थुंकून मोकळं होता आलं असतं. हे तर व्यवहाराचं होतं, आणि व्यवहारापुढे शहाण्याचीही मान खाली जाते.

संध्याकाळी तिने दानम्माला थांबवून घेतलं आणि लाल पेन उघडलं. अव्वाची आई झाली. बिस्किट गेलं. बेल गेला, गाय गेली. दानम्मा मुकाट्याने उतरवून घेत होती. शेवटच्या वाक्याला तिचा हात थांबला.

"मॅडम, चितेला अग्नी दिला म्हणलं की आप्पांनीच दिल्यावानी होतंय."

"परीक्षेपुरतं गं."

"पर तसं न्हाई झालं."

"माहीत आहे मला. मार्कांपुरतं लिही. तुझं तुझ्यापाशी राहील."

दानम्माने एकदा मॅडमकडे पाहिलं आणि लिहिलं. हुशार पोर. दोन वाचनांत तिचं पाठ झालं. जोहरा नळावर जाऊन हात धूत राहिली. हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

बोर्डाला निबंध आला. दानम्मा मेरिटमध्ये आली आणि क्लासच्या भिंतीवर तिचं नाव हातभर मोठं रंगवलं गेलं. सत्काराला भाड्याच्या मंगल कार्यालयात पेढे, हार, ढोल, सगळा थाट होता. पहिल्या रांगेत तिचा बाप धोंडप्पा नव्या टोपीत आखडून बसला होता. सरांनी माइक दानम्माच्या हातात दिला. "दोन शब्द बोल बाळ. त्या रात्रीबद्दल."

पोरगी घाबरली. समोर एवढे लोक. तिने जोहराकडे पाहिलं आणि मग तिच्या तोंडातून ते घडाघडा यायला लागलं. काळरात्र. होत्याचं नव्हतं. कुठे अडखळली नाही. "माझ्या आप्पांनी थरथरत्या हातांनी आईच्या चितेला अग्नी दिला, तेव्हाच मी डॉक्टर होण्याचा निश्चय केला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. आडत्याची बायको हुंदके देत होती. धोंडप्पा तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. तो पोरीकडे असा बघत होता, जणू भलत्याच कुणाची पोर माइकपुढे उभी आहे.

कार्यक्रम सरल्यावर तो जोहराजवळ आला.

"मॅडम, चांगलं बोलली का पोरगी?"

"हाव."

"मग असू द्या." तो घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पर आग म्या न्हवती लावली. मी पाया पडत होतो त्या लोकांच्या. जरा थांबा म्हणलं, एकटा खड्डा खणतो. त्यांचा तरी काय कसूर? वास सुटला होता. पर म्या न्हाई लावली, मॅडम."

"मला माहीत आहे, धोंडप्पा."

"तुमाला कसं?"

"तिनं लिहिलं होतं. एकदा."

धोंडप्पाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "लिव्हलं होतं? अव्वाचं? कुठंय मग ते?"

सराव परीक्षेचे गठ्ठे मार्चमध्येच विकले होते. त्यात दानम्माचाही पेपर होता. बाजूला काढून ठेवावा, हे जोहराला सुचलं नव्हतं.

"रद्दीत गेलं," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. रद्दीत जायचीच गोष्ट होती, अशी. तेवढ्यात हार सावरत दानम्मा आली आणि मॅडमच्या पाया पडायला वाकली. जोहराने झटकन पाय मागे घेतले.

"पडू द्या की," धोंडप्पा म्हणाला. "तुमच्यामुळंच झालं हे समदं."

जोहरा उभी राहिली. दानम्माने तिच्या दोन्ही पावलांना हात लावून कपाळाला लावले. मग धोंडप्पाने डोक्यावरची नवी टोपी काढून काखेत धरली आणि तोही वाकला.