एका दिवसाची हद्दपारी

पाळकसाहेबांचा संसार सुखाचा चालला होता, कारण नवराबायकोचे मालक वेगळे होते. साहेब देवाच्या नोकरीत, बाई सरकारच्या. साहेबांना कामाचा जाब कुणी विचारत नसे आणि बाईंचे कामाबद्दल आभार कुणी मानत नसे. त्यामुळे संध्याकाळी एकमेकांपाशी कुरकुर करायला दोघांकडेही माल भरपूर असायचा. घरात साहेबांची आईही होती. ती दोघांचंही ऐकून घ्यायची आणि शेवटी आपल्या मनासारखंच करायची.

भानगड सुरू झाली ती निवडणुकीपासून. एरवी मतदान शाळेत व्हायचं. यंदा शाळेची दुरुस्ती निघाली, म्हणून चर्चच्या आवारातला हॉल ठरला. त्यात केंद्रप्रमुख म्हणून नेमलेले गृहस्थ आयत्या वेळी जिन्यावरून घसरून पाय मोडून बसले आणि त्यांच्या जागी बाईंची नेमणूक झाली. बाईंनी वर जाऊन सांगून पाहिलं, की तो हॉल माझ्या घराला लागूनच आहे, हे बरं दिसणार नाही. वरचा अधिकारी म्हणाला, "मग बरंच की! येण्याजाण्याचा वेळ वाचेल."

साहेब खूश झाले. बायकोला दुपारी गरम जेवण मिळेल, आपल्यालाही जरा तिचा रुबाब बघायला मिळेल. रुबाब त्यांना मतदानाच्या आदल्या दिवशीच बघायला मिळाला. दुपारी बाई दोन कारकुनांना घेऊन हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, नाकावर चष्मा.

"इथला कारभार कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

साहेबांना वाटलं, चेष्टा चाललीय. "अगं, सकाळी तुला चहा कुणी करून दिला? तोच बघतो."

कारकून हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "तो क्रूस काढावा लागेल."

माणसाच्या दीडपट उंचीचा तो लाकडी क्रूस आधीच्या पाळकांनी असा काही ठोकून बसवला होता, की एक वेळ भिंत निघाली असती पण क्रूस निघाला नसता. साहेबांनी तसं सांगितलं.

"मग झाका."

"देवाला झाकायचं?"

"देवाला नाही हो, लाकडाला. मतदानाच्या जागी कुठल्याच धर्माची खूण दिसता कामा नये, असा नियम आहे. मतदाराच्या मनावर दडपण येतं."

"दडपण?" साहेब म्हणाले. "अगं, इतकी वर्षं मी दर रविवारी दडपण आणायचा प्रयत्न करतोय. कुणाच्या मनावर साधा ओरखडा उठलेला नाही!"

पण नियम तो नियम. एवढं मोठं कापड हॉलमध्ये नव्हतं. घरातली डबल बेडची चादर तेवढी पुरेशी होती, पिवळ्याधमक सूर्यफुलांची. साहेबांनीच ती शिडीवर चढून बांधली. आई काठी टेकत आली, मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "निदान इस्त्री तरी करायची. उद्या अख्खं गाव येणार."

संध्याकाळी जेवताना बाईंनी विषय काढला. "एक विचारू? मागच्या रविवारचं ते 'बांधणारे हात' मुद्दाम होतं का?"

साहेब मीठ शोधायला लागले.

झालं होतं असं. निवडणुकीला दोघं उभे होते. एक कंत्राटदार, दुसरी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीणबाई. कंत्राटदार आठवड्यापूर्वी साहेबांकडे चहाला येऊन गेला होता. त्याने मागितलं काहीच नाही. फक्त हॉलचं गळकं छप्पर बघून हळहळला आणि म्हणाला, "देवाच्या जागेचं असं व्हायला नको. बघू, निवडून आलो की." पुढच्या रविवारी साहेबांच्या तोंडून उपदेश निघाला तो असा, की जगात बोलणारे पुष्कळ, बांधणारे हात थोडे, त्या हातांना साथ द्या. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराची माणसं घरोघर सांगत सुटली, की पाळकांचा शब्द आपल्याला मिळाला.

"ओघात आलं ते," साहेब म्हणाले.

"ओघ छपरातून गळत होता वाटतं," बाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून रांग लागली. साहेबांनी ठरवलं होतं, आज तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पांढरी कॉलर घालून, वर्तमानपत्र घेऊन ते आपल्या ओट्यावर बसले. पण ओटा रांगेच्या तोंडावरच होता. येणारा प्रत्येक जण नमस्कार करायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "मग, काय म्हणता साहेब?" साहेब नुसते मान हलवायचे. मान हलवली, म्हणजे काहीतरी सुचवलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं, तर त्या पानावर कुणाचा फोटो होता यावर चर्चा. एकदा नुसती शिंक आली, तर ती कंत्राटदाराचा माणूस समोरून जातानाच आली, असं रांगेच्या शेवटापर्यंत पोचलं.

मास्तरीणबाईंच्या प्रतिनिधीने तक्रार केली. बाई ओट्यापाशी आल्या.

"तुम्हाला इथून जावं लागेल. मतदान संपेपर्यंत केंद्राभोवती आखलेल्या त्या चुन्याच्या रेघेच्या आत यायचं नाही. मत द्यायला तेवढं या."

"मी माझ्या घरात बसलोय!"

"घर रेघेच्या आत आहे."

"आणि आई? ती बरी चालते?"

"आईंच्या सांगण्यावरून कुणी मत देत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावरून देतात. तोच तर घोळ आहे."

आईला हे मुळीच आवडलं नाही. "माझ्या शब्दाला काही किंमतच नाही का?" असं ती आतून ओरडली. पण साहेबांनी चपला घातल्या. बायकोने नवऱ्याला घराबाहेर काढल्याचं सगळ्या रांगेनं डोळे भरून पाहिलं. पोलिसाने तर त्यांना रेघेपर्यंत सोडायला सोबत केली, आदराने, पण केली.

जायचं कुठे? समोरच्या गल्लीत न्हाव्याचं दुकान उघडं होतं. साहेब शिरले, खुर्चीत रेलून पडले आणि म्हणाले, "सावकाश कर. मला कुठेही जायचं नाही." न्हाव्याने कॉलर काढून खुंटीला लावली, मान मागे टेकवली आणि कानापर्यंत फेस फासला. आता आरशात जो दिसत होता तो कुणीही असू शकला असता.

तेवढ्यात धोबीण मावशी दुकानाचे धुतलेले टॉवेल घेऊन आल्या. साहेब त्यांना ओळखून होते. रविवारी त्या सगळ्यात मागच्या बाकावर बसायच्या आणि प्रार्थना संपताच कुणाशी न बोलता निघून जायच्या. नवरा गेल्यापासून इस्त्रीच्या जोरावर त्यांनी मुलीला शिकवलं होतं.

"मत दिलं का मावशी?" न्हाव्याने विचारलं.

"आता तिकडेच निघालेय. खरं सांगू का, माझ्या मनात मास्तरीणबाईंना द्यायचं होतं. माझी पोर शाळा सोडून बसली होती, तर ही बाई रोज संध्याकाळी घरी येऊन तिला शिकवायची. एक वर्षभर. चहासुद्धा घ्यायची नाही."

"मग द्या की."

"कसं देऊ? पाळकसाहेबांनी बांधणाऱ्यांना द्या म्हणून सांगितलं. देवाच्या जागेवरून आलेला शब्द. मोडला आणि उद्या पोरीचं काही वाईट झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?" मावशींनी टॉवेल मोजून ठेवले, डोळ्याला पदर लावला आणि निघाल्या.

फेसाखाली साहेबांचा चेहरा गरम झाला. कंत्राटदार चहाला आला होता तेव्हा त्यांना छप्पर दिसलं होतं. रविवारी बोलताना छप्परच दिसत होतं. मागच्या बाकावर कोण बसलंय आणि ते आपला शब्द घरी नेऊन त्याचं काय करतं, हे मात्र दिसलं नव्हतं. इतकी वर्षं ओरखडा उठत नाही म्हणून कुरकुरत होते, आणि उठला तो हा असा.

न्हावी वस्तरा परजतोय तोवर साहेब खुर्चीतून उठले होते. गळ्याला टॉवेल, तोंडाला फेस, तसेच ते रस्त्यावर धावले. "मावशी! अहो मावशी!"

मावशी चुन्याच्या रेघेपाशी दचकून थांबल्या. आवाज ओळखीचा, पण तोंड असलं!

"मावशी, तो उपदेश मनावर घेऊ नका. मी कंत्राटदाराला द्या असं म्हणालो नव्हतो."

"मग मास्तरीणबाईंना देऊ?"

"असंही मी म्हणत नाही!"

"म्हणजे कंत्राटदारालाच?"

"नाही हो!"

"साहेब," मावशी काकुळतीला आल्या, "काय ते एकदा नीट सांगा. मला दुपारी इस्त्रीला बसायचंय."

एव्हाना पोलीस धावत आला होता. फेसाळलेला कुणी इसम मतदार बाईला अडवतोय, एवढंच त्याला दिसलं आणि त्याने दंड धरला. गलका ऐकून बाई बाहेर आल्या, मागोमाग दोन्हीकडचे प्रतिनिधी. कंत्राटदाराचा प्रतिनिधी ओरडला, "हा मतदार फोडण्याचा प्रकार आहे! यांना अटक करा!"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मावशींना विचारलं, "यांनी तुमच्यापाशी कुणाचं नाव घेतलं का?"

"कुठलं हो! जे नाव काढावं त्याला नाहीच म्हणतायत."

साहेबांनी टॉवेलने तोंड पुसलं. अर्धा फेस निघाला, अर्धा राहिला. रांग आता मत द्यायचं विसरून इकडेच बघत होती. ते म्हणाले, "मला एवढंच सांगायचंय. त्या रविवारी मी बांधणारे हात म्हणालो, तेव्हा माझ्या डोक्यात आपल्या हॉलचं छप्पर होतं. देवाने मला तसं काही सांगितलं नव्हतं. ते माझं मीच—"

"बस," बाई म्हणाल्या. "एवढं ठीक आहे. यापुढे बोललात तर प्रचार होईल."

रांगेत हशा पिकला. पण मावशी हसल्या नाहीत. त्या तशाच रेघेवर उभ्या होत्या, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. "पण बाई," त्या म्हणाल्या, "मी काय केलं ते देवाला कळेलच ना?"

नियमात याचं उत्तर नव्हतं. बाईंनी चष्मा काढला. आवाज बदलला, घरात सासूशी बोलताना असायचा तसा झाला. "कळेल की मावशी. पण तो कुणाला सांगत नाही. गुपित राखण्यात त्याच्याइतकं पक्कं आमच्या सरकारातसुद्धा कुणी नाही. आत आडोशाला तुम्ही एकट्या असाल. मनात येईल तिथे शिक्का मारा आणि कागद घडी घालून पेटीत टाका. बाहेर आल्यावर मलाही सांगायचं नाही, आणि यांना तर मुळीच नाही."

मावशी आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, कुणाकडे न बघता, पण मान वर करून.

साहेबांनी नळावर तोंड धुतलं, रांगेत शेवटी उभे राहिले आणि पाळी आल्यावर ओळखपत्र काढलं. बाईंनी फोटो बघितला, मग दाढी राहून गेलेला, ओल्या तोंडाचा नवरा बघितला, आणि कारकुनाला म्हणाल्या, "तोच आहे. मी ओळखते." आडोशाला गेल्यावर साहेबांना कळलं, की एकट्याने ठरवणं हे भलतंच अवघड काम आहे. मदतीला त्यांनी सवयीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे सूर्यफुलं होती. त्यांना हसू फुटलं, आणि शिक्का जरा तिरकाच उमटला.

निकाल लागला. कंत्राटदार निवडून आला, तोही दणदणीत मतांनी. साहेबांच्या उपदेशाने पारडं ना इकडे झुकलं होतं ना तिकडे, आणि खोटं कशाला बोला, याचं साहेबांना आतून थोडं वाईटच वाटलं. "म्हणजे मी बोललो काय आणि न बोललो काय!" ते बायकोला म्हणाले. बाई म्हणाल्या, "आता कळलं आम्हाला ऑफिसात कसं वाटतं ते?" कंत्राटदार पुन्हा चहाला फिरकला नाही. छपराला मंडळींनी आपणच वर चढून डांबर फासलं. दोन ठिकाणी गळायचं थांबलं, तिसऱ्या ठिकाणी नव्याने सुरू झालं.

मतदानानंतरच्या पहिल्याच रविवारी साहेबांनी रांगेपुढे अर्धवट राहिलेलं बोलणं सगळ्यांसमोर पुरं केलं. चर्च कधी नव्हे इतकं भरलं होतं. आज फेस नाही म्हणून काही जण हिरमुसले. मावशी आज मागच्या बाकावर नव्हत्या, मधल्या बाकावर मुलीला शेजारी घेऊन बसल्या होत्या.

प्रार्थना संपल्यावर दारात निरोप घेताना साहेबांना राहवलं नाही. "मावशी," ते हळूच म्हणाले, "सहज विचारतो..."

"विचारू नका साहेब," मावशी म्हणाल्या. "मी सांगणार नाही." आणि आपण पाळकाला नाही म्हणालो, याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की त्या हसायला लागल्या. "त्यापेक्षा हिच्यासाठी प्रार्थना करा. परवा नोकरीची मुलाखत आहे हिची, आणि रात्रभर झोपत नाही."

साहेबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मागे माणसं खोळंबली होती, बाई घरी चला म्हणून खुणावत होत्या. पण साहेबांनी डोळे मिटले आणि त्या पोरीसाठी सावकाश, मनापासून मागितलं.