चाटणारी गाय

चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. गोपैदास केंद्रात सव्वीस वर्षं जन्मनोंदी मी ठेवल्या. कुठलं वासरू कुठल्या गाईचं, यावर माझ्या वहीचा शब्द शेवटचा. आता एक संशोधक बाई त्याच वह्या घेऊन बसल्या होत्या आणि गाईंच्या शेपटीचे केस उपटून पाकिटांत भरत होत्या.

भुरी ही आमची जुनी, आता मेलेली गाय. तिच्या लेकी-नातींना दूध जास्त, ही सगळ्यांची पक्की समजूत. पण बाईंनी वह्यांवरून गणित मांडलं, तर आईच्या वंशामुळे दुधात पडणारा फरक जवळजवळ शून्य निघाला. सोमवारच्या बैठकीत हाच आकडा राहिला, तर भुरीच्या वंशातल्या एकतीस गाई विकून टाकायच्या ठरल्या होत्या.

आणि चूक माझी होती. एकोणीस वर्षांपूर्वी भुरी आणि शेजारची गाय एकाच पहाटे व्यायल्या. दोन्ही कालवडी मधोमध पडलेल्या, दोन्ही आया ढिम्म, एकही कुणाला चाटेना. मी अंदाजाने तांबडी कालवड भुरीच्या नावावर लिहिली. आज वंशातल्या निम्म्या गाई त्या तांबडीच्या पोटच्या आहेत.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," बायको म्हणाली. "रात्रभर कुशी बदलता, माझ्याही झोपेचं खोबरं होतंय."

शुक्रवारी बाईंकडे गेलो. औषधांच्या खोलीत फ्रिज घुरघुरत होता, टेबलावर पाकिटांच्या रांगा. मी एका दमात सगळं ओकलो. बाईंनी शांतपणे यादीवरून बोट फिरवलं.

"काका, तांबडी भुरीचीच आहे."

"काय?"

"केसांतली ही खूण फक्त आईकडून येते. तांबडीच्या लेकींची खूण भुरीच्या बाकीच्या लेकींशी जुळते. तुमचा अंदाज बरोबर होता."

मी खुर्ची ओढून बसलो. एकोणीस वर्षं फुकट जीव जाळला! हसू की रडू कळेना.

"पण दुसऱ्या नऊ नोंदी चुकल्यात," बाई म्हणाल्या.

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. नऊही नोंदी सुवाच्य, कुठे खाडाखोड नाही. लिहिताना मला तिळमात्र शंका आली नव्हती.

"आई कोण, हे तुम्ही कसं ठरवायचात?"

"त्यात ठरवायचं काय? सकाळी गोठ्यात जायचं. जी वासराला चाटतेय ती आई."

बाई म्हणाल्या, "व्यायला आलेली गाय दुसरीचं वासरूही चाटते, काका. आपलंच समजून."

म्हणजे भुरीच्या लेकी दुसऱ्या गाईंच्या नावावर गेल्या होत्या आणि परक्या भुरीच्या. सगळी सरमिसळ झाल्यावर फरक दिसणार कुठून?

"नऊ नोंदी सुधारल्यावर आकडा वर आलाय," बाई म्हणाल्या, "पण तेवढ्याने भागणार नाही. मेलेल्या गाईंचे केस कुठून आणू? त्यांच्यासाठी तुम्हीच आहात. ज्यांची तुम्हाला पक्की खात्री आहे, तेवढ्यांवर सोमवारच्या आत टिक करून द्या."

त्यांनी पेन्सिल पुढे केली. मी पहिलं पान उघडलं. पहिलीच नोंद मला लख्ख आठवत होती: ओलं वासरू, थरथरणारे पाय आणि त्याला मायेने चाटणारी गाय.

पेन्सिल टेकवायचा मला धीर होईना.