डबीतला चोनका

यंदा भाऊबीजेला माहेरी पोचले, तर मुरारीदादा अंगणातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. माझं त्र्याहत्तरावं सरलं, त्याला ऐंशी पूर्ण झाली. मी एस.टी.तून उतरून घरी येईपर्यंत त्याचा आवाज चार घरांना ऐकू गेला नाही, अशी एकही भाऊबीज मला आठवत नाही. मी ओवाळायला ताट घेतलं तेव्हा तो उठून बसला, टिळा लावून घेतला आणि पुन्हा आडवा झाला.

त्याच्या सुनेनं मला चुलीपाशी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती आणि यंदाही गंमत उभी राहणार नव्हती.

आमच्या लाखांदूरकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दुपारभर जत्रा. सिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, पानठेले, माहेरी आलेल्या लेकी. आणि मधोमध खडी गंमत. शाहीर गातो, मागे ढोलकी, झांज आणि चोनका. शाहिरापासून झांजवाल्यापर्यंत सगळे उभे, म्हणून खडी. चोनका आता फारसा दिसत नाही. लाकडाचा पोकळ डबा, खाली चामडं, त्यातून वर आलेली तात, म्हणजे आतड्याची तार. डबा काखेत दाबायचा, एका हातानं तात ओढायची, दुसऱ्यानं छेडायची. ओढलं की आवाज फुगतो, सोडलं की मिटतो. गुंवाव, गुंवाव. जणू कुणी पोटातून हसतंय. तो आवाज निघाला की सिंगाडे विकणाऱ्या बायासुद्धा तराजू खाली ठेवायच्या.

हा चोनका पंचेचाळीस वर्षं माझ्या दादानं वाजवला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हाताला लकवा मारला. गावातल्या तिघांनी शिकून पाहिलं, पण पोट दुखणाऱ्या वासरासारखा आवाज काढण्यापलीकडे कुणी गेलं नाही. खुशाल शाहीर म्हणाला, चोनक्याशिवाय मी उभा राहणार नाही. मंडई कमिटीचा कैलाश म्हणाला, दोन वर्षं वाट पाहिली काका, उद्या दुपारपर्यंत सांगा, नाहीतर डीजे लावतो आणि पुढल्या वर्षापासून डीजेच ठरवून टाकतो. कैलाश वाईट माणूस नाही. त्याला मंडई भरलेली दिसायला हवी होती, एवढंच.

दादाला तेवढ्यानंच खाटेवर आडवं केलं होतं.

माझ्यासोबत माझी नात गुंजन आली होती. ती नागपूरला शिकते आणि मैत्रिणींच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. चार जाड तारांची ती गिटार आणि एक छोटा स्पीकर तिनं बसमध्ये मांडीवर घेऊन आणला, कारण पुढच्या आठवड्यात तिचा कार्यक्रम होता. मंडईच्या सकाळी, मी धान वाळत घातलेल्या चटईवरच्या चिमण्या हाकत होते आणि ती ओट्यावर सरावाला बसली. तिच्या पायाशी साबणाच्या पेटीएवढी हिरवी डबी होती. तीन गोल बटणं, एक पायानं दाबायची कळ, एक लाल दिवा. तिनं पायाच्या अंगठ्यानं कळ दाबली आणि तार छेडली.

गुंवाव.

खाटेवरून दादाचं डोकं वर आलं.

"कोन वाजवून रायलं?"

गुंजन घाबरली. तिला वाटलं, म्हाताऱ्याची झोपमोड झाली. ती म्हणाली, "मी आहे आबाजी. बंद करू का?"

"बंद कायले करतं? आनखी मार."

तिनं आणखी दोनदा वाजवलं. दादा उठून बसला आणि मला म्हणाला, "रेवते, माही काठी दे." मी काठी शोधेपर्यंत तो भिंतीला धरून ओट्याजवळ पोचलासुद्धा.

मग गुंजननं आम्हा दोघांना ती डबी समजावली. डबीचं नाव ऑटो वा. ती म्हणाली, "आजी, तोंड आवळून 'ओ' म्हण आणि तसंच उघडत 'आ' म्हण." मी म्हटलं. दादानंही म्हटलं. ऐंशी आणि त्र्याहत्तरची दोन माणसं ओट्यावर ओ-आ, ओ-आ करत होती आणि कुंपणापलीकडची बाई भांडी घासायची थांबून पाहत होती. गुंजन म्हणाली, डबी हेच करते. आवाजाचं तोंड उघडते, मिटते. दुसऱ्या प्रकारच्या डब्यांत हे पायानं वरखाली करावं लागतं. ही आपली आपण करते. तार किती जोरानं छेडली ते ती ऐकते. हळू छेडली तर तोंड मिटलेलं, जोरानं छेडली की उघडतं.

"म्हंजे हिले कान आहेत," दादा म्हणाला. "मंग आयकत काहून नाही? हळू मारलं काय, जोरानं मारलं काय, सारखीच बोलते."

गुंजन त्याच्याकडे बघतच राहिली. गिटार आणि हिरवी डबी यांच्या मधे तिनं एक दुसरी डबी जोडली होती. ती सगळा आवाज एका पातळीत आणते, लहान-मोठं काही ठेवत नाही. मग हिरवीला जोर कळणार कसा? गुंजननं ती काढून टाकली, गिटारची वायर सरळ हिरवीत घातली. आता हळू छेडलं की नुसतं 'गुं' आणि जोरानं छेडलं की 'गुंवाव'.

पुढचा तासभर दादानं तिला सोडलं नाही. पहिलं बटण डबीचे कान तिखट करायचं. ते पूर्ण फिरवलं तर हलक्या स्पर्शालाही तोंड उघडं. "हे त सदाच आ वासून बसली," दादा म्हणाला. फार कमी केलं तर उघडेचना. निम्म्याच्या थोडं अलीकडे जागा सापडली. दुसऱ्या बटणानं आवाज जाड-पातळ होई, तिसऱ्यानं तोंड किती सावकाश मिटायचं ते ठरे. दादा डोळे मिटून उजव्या हाताचा अंगठा हवेत फिरवायचा, गुंजन तेवढंच बटण फिरवायची. जमलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. मला म्हणाला, खुशालला बोलाव.

खुशाल शाहीर आला तो तोंड वाकडं करूनच. ही खेळणी कशाची, म्हणाला. दादा म्हणाला, "डोळे झाक आन गा." खुशालनं झाकले. त्यानं एक ओळ धरली, गुंजननं मागे तार छेडली, आणि दुसऱ्या ओळीला खुशालचा हात आपोआप कानावर गेला. ओळ संपल्यावर त्यानं डोळे उघडून आधी डबीकडे, मग गुंजनच्या जीन्सकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरी, फेटा बांधशीन का?"

मला त्या क्षणापासून हसू आवरेना. आमच्या वेळी पोरीनं चोनक्याला बोट लावलं की पाठीत धपाटा बसायचा. लुगडं नेसलेली पात्रंसुद्धा मिशा काढलेले पुरुषच करायचे. आणि इथं शाहीर स्वतःच्या हातानं माझ्या नातीला गुलाबी फेटा बांधत होता.

दुपारी मंडई भरली. कैलाशनं गिटारची वायर मंडपाच्या मोठ्या भोंग्यांना जोडून दिली. डीजेवाला पोरगा त्याच्या गाडीत पाय वर करून वाट बघत होता. दादाला फळ्यांच्या मंचासमोर खुर्चीवर बसवलं. मग पूजा. गंमत उभी राहण्याआधी वाद्यांची पूजा होते. खुशालनं ढोलकीला हळदकुंकू लावलं, झांजेला लावलं, गिटारला लावलं. वायर धरत धरत तो हिरव्या डबीपाशी आला, तिलाही कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला आणि हात जोडून तिच्यासमोर डोकं टेकवलं.

आणि गुंजननं सवयीनं पाय उचलून अंगठा डबीवर ठेवला.

ढोलकीवाल्याचा हात वरच राहिला. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावला. खुशालचा चेहरा मला अजून दिसतो. तो रागावला नव्हता. कुणी जेवत्या ताटाला लाथ मारावी तसा दचकला होता.

"पूजलेल्या वाद्याले पाय?" तो म्हणाला. "मले नाही जमत, मुरारी."

गुंजन रडवेली झाली. तिनं सांगितलं की ती पायानंच दाबायची असते, जगभर असंच करतात, हात तर दोन्ही तारांवर असतात. कुणी म्हणालं, कळ एकदा दाबून तशीच चालू ठेवा. दादा खुर्चीतून म्हणाला, ते नाही चालणार. शाहीर बोलणीवर, म्हणजे गाणं थांबवून बोलण्यावर आला की चोनका गप पाहिजे, तिथं साधा ठेका द्यायचा. ध्रुपद आलं की पुन्हा उघडला पाहिजे. एकेका गाण्यात दहा वेळा. कुणी म्हणालं, काठीनं दाबा. खुशाल म्हणाला, पूजलेल्याले काठी मारतं काय? डबी खाली होती, गुंजन उभी होती, आणि खडी गंमतीत बसायची सोय नाही. कैलाश माइकवरून म्हणाला की पाच मिनिटांत ठरवा. डीजेवाल्यानं गाडीतून पाय खाली घेतले.

दादानं मान खाली घातली आणि उजव्या हातानं डावा हात मांडीवर नीट ठेवला, जणू आता जायचंच आहे.

मी उठले. पानठेल्यावरचं उंच स्टूल मागितलं. ठेलेवाल्यानं त्यावरची सुपारीची बरणी उचलली आणि दिलं. स्टूल गुंजनच्या बाजूला ठेवलं, डबी फुलासकट त्यावर ठेवली आणि खुशालला म्हटलं, "हातानं दाबलं तर चालते ना?"

"चालते. पन दाबन कोन?"

"मी."

"उभं राहा लागन, बाई. गंमत आहे."

"मी काय झोपून आहो?"

कुणीतरी शिटी वाजवली. खुशालनं दादाकडे पाहिलं, दादानं मान वर केली, आणि ढोलकीवर थाप पडली.

खरं सांगते, पहिल्या ध्रुपदाला मी उशिरा दाबलं. दुसऱ्यांदा घाईत दोनदा दाबलं, त्यामुळे चालू झालेली डबी बंद झाली आणि गुंजननं ओठ चावला. मग मी खुशालकडे बघायचं सोडलं आणि दादाकडे बघू लागले. त्याची हनुवटी वर गेली की दाबायचं, खाली आली की पुन्हा दाबून बंद. लाल दिवा लागे, विझे. पाळण्यातलं पोर श्वास घेतं तसा. खुशालनं धरलं,

"तलावाच्या पाळीवर सिंगाडं सोलते,
कोनासंगं सखे तू गालात बोलते..."

दादाची हनुवटी वर गेली, मी तळवा ठेवला, गुंजननं तार जोरानं छेडली आणि भोंग्यांतून जो गुंवाव निघाला, त्यानं माझ्या पायाखालची फळी हलली. सिंगाड्यांच्या ढिगामागून हसण्याची लाट आली. पुढच्या ओळीला माझा गुडघा आपोआप वाकला. मी नाचत नव्हते, पण माझा गुडघा नाचत होता, त्याला मी काय करू? तिसऱ्या गाण्याला माझा हात दुसऱ्या बटणावर गेला. नुसतं बघावं म्हणून थोडं फिरवलं. आवाज म्हशीसारखा जाड झाला. लोक ओरडले. उलटं फिरवलं, तो बेडकासारखा चिरका झाला. लोक आणखी ओरडले. खुशाल गाता गाता वळला आणि चालीतच म्हणाला की या म्हातारीला कुणी आवरा, हिनं माझं लगीन लावायचं सोडून वरातच काढली. मी आवरले नाही. त्यानं तीच ओळ चार वेळा घेतली आणि मी चार वेळा वेगळा आवाज काढून दिला. म्हैस, बेडूक, भोवरा, मग दादाचा चोनका. गुंजन इतकी हसत होती की फेटा कानावर आला, पण तिची बोटं चुकली नाहीत. डीजेवाला पोरगा गाडीच्या टपावर चढून मोबाईलवर चित्रण करत होता. कैलाशनं माइक खाली ठेवून टाळ्या धरल्या होत्या.

शेवटी छाप आली. गंमत संपवताना शाहीर शेवटच्या कडव्यात आपल्या साथीदारांची नावं गातो. पंचेचाळीस वर्षं तिथं मुरारीचा चोनका होता. मला धाकधूक झाली. तो आता काय गाईल? दादाचं नाव गाळलं तर? खुशाल थोडा थांबला, वर बघून मनात जुळवलं आणि गायला,

"मुरारीच्या कानी, गुंजनच्या बोटी,
रेवताच्या हाती चोनका बोलं."

माझं नाव मंडईत, भोंग्यांतून, सगळ्या गावावर. मला इतकी लाज वाटली की मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या गडबडीत कोपर कळीवर आपटलं आणि शेवटच्या ध्रुपदाचा आवाज सपाट झाला.

"दाब रेवते, दाब," दादा खुर्चीतून ओरडला.

मी दाबलं.

रात्रीच्या जेवणाला दोन गावची माणसं ओसरीवर येऊन गेली. त्यांच्या मंडया पुढच्या आठवड्यात होत्या आणि त्यांना हीच गंमत हवी होती. गुंजननं तारखा मोबाईलमध्ये लिहून घेतल्या आणि तिच्या बँडचा कार्यक्रम एक दिवस पुढे ढकलायचं ठरवलं. दादा भात कालवता कालवता मला म्हणत होता की मी सुरुवातीला फार घाईनं दाबलं, ध्रुपदाच्या आधी अर्धा श्वास सोडायचा असतो, तो मी सोडला नाही, आणि म्हशीचं काम बरं होतं पण बेडूक फार झाला. मी म्हटलं, बेडकावरच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. तो म्हणाला, टाळ्या तर माकडालाही पडतात.

"सकाळी पाचले उठ," तो म्हणाला. "पोरीलेही उठव. ध्रुपदाआधी श्वास कसा सोडा लागते ते दाखवतो."

आणि त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून नाही, अंगणाकडे तोंड करून झोपला. मला मात्र झोप कुठली? पाच वाजेपर्यंत मी अंधारात, पांघरुणाखाली, मांडीवर तळवा ठेवून श्वास सोडत आणि दाबत होते.