दाव्याची गाठ

उत्तमसिंग नायक न्यायाला बसायच्या आधी डोळे मिटून येशूकडे अक्कल मागायचे, आणि घाटंजीकडच्या त्या बंजारा तांड्यात याची थट्टा काही थांबत नव्हती. "पिढीजात नायकी, अन् अक्कल उसनी!" तांड्यातला हिरासिंग तर तोंडावर म्हणायचा. ज्यानं देव बदलला त्याच्याकडे नायकी कशाला, अशी कुजबुजही सुरू झाली होती.

ही प्रार्थना नायकांच्या थोरल्या पोराला, संजयलाही पटत नसे. तो यवतमाळला एका वकिलाकडे कारकून होता. कायद्याच्या चार गोष्टी कानावरून गेलेल्या, तेवढ्यावर स्वारी हवेत. नाताळाच्या सुट्टीत घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी नको ते करून बसला. दुपारी बैल चारायला नेले, मोबाइलवर बोलत बाभळीखाली टेकला, आणि तेवढ्यात त्यातला चांद्या शेजारच्या प्रेमसिंगच्या शेंगांनी लगडलेल्या तुरीत शिरला. सात ओळी फस्त! कोणी पाहिलं नव्हतं. संजयनं बैल गुपचूप गोठ्यात आणून बांधले.

सकाळी प्रेमसिंग बोंबलत आला. तांड्याच्या त्या टोकाला बैल दोनच घरचे, नायकांचे आणि बाबूसिंगचे. नायकांच्या बैलावर संशय घ्यायची हिंमत कोणाला? बाबूसिंग मात्र एकट्या घराचा, अबोल माणूस. सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली.

लोक जमायच्या आत संजयनं बापाला बाजूला घेतलं. "बा, तू लय इचार करू नको. बाबूसिंगवर टाक. त्याच्या मांगं कोण हाय? प्रेमसिंगच्या भावकीची आठ घरं खूश होतात, तुही नायकी टिकते."

उत्तमसिंग त्याच्याकडे पाहत राहिले. "शहाणपणा हाय तुह्या बोलण्यात," ते म्हणाले. "पण मले दुसरा पाहिजे. थांब, मांगून येतो."

ते गोठ्यात गेले आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले. बाहेर आले ते चांद्याचं दावं धरूनच.

"बैलाले तुरीची चव लागली का थो पुन्हा तिथंच जाते," त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. "बाबूसिंग, तुह्ये बैल आण. हा माह्या चांद्या. सोडू, अन् पाहू कोण कुठं जाते थे."

प्रेमसिंगच गडबडला. "तुमचा कायले, नायक?"

"काहून? नायकाच्या बैलाले तोंड नाही का?"

लोक हसले. बाबूसिंग बैल घेऊन आला, तोही मान खाली घालून, गुन्हा केल्यासारखा. नायक चांद्याच्या गळ्यातली गाठ सोडू लागले. रोज एका झटक्यात सुटणारी गाठ, पण आज बोटं चालेचनात. सगळे ताटकळले. संजयनं एकदा बाबूसिंगकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. पुढे होऊन त्यानं बापाचा हात धरला.

"नको सोडू, बा. आपलाच हाय. काल माह्या हातून सुटला."

नायकांनी उभ्या उभ्याच न्याय केला. आपल्या कपाशीच्या सात ओळी प्रेमसिंगनं वेचून न्याव्यात, आणि संजयनं सगळ्यांदेखत बाबूसिंगला हात जोडावेत. संजयनं जोडले. हिरासिंगला त्या दिवशी थट्टा सुचली नाही. उठताना त्यानं नायकांना वाकून रामराम केला, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

घरी जाताना संजयनं विचारलं, "बा, आपलाच बैल हाय, हे देवानं सांगतलं का तुले?"

"त्यासाठी देव कायले पाहिजे? सकाळी शेण म्याच भरलं. त्यात तुरीचे हिरवे दाणे होते. आपल्या वावरात तूर हाय कुठं यंदा?"

"मंग मांगतलं काय तू?"

"म्हटलं, बाबूसिंग सुटला पाहिजे, अन् माह्यं पोरगंही हातचं जाऊ नये. हे कसं जमवू, मले काही समजून नाही राह्यलं."

"मंग?"

"गाठ हळू सोड, म्हणे. बस, एवढंच."