पट्टीच्या पोटाशी

मी ढाल आहे. लढाईतली नव्हे, तसा काही पराक्रम माझ्या नावावर नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या सहा कॉलेजांच्या मुली दर हिवाळ्यात बास्केटबॉल खेळतात, त्यांची मी फिरती ढाल. जे कॉलेज जिंकेल त्याच्या घरी वर्षभर राहायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाशा गुंडाळायचा. एकवीस वर्षं झाली. मधलं कोरोनाचं वर्ष सोडलं तर माझ्या अंगावर वीस पितळी पट्ट्या बसल्या, आणि आता एकविसाव्या पट्टीला जागा नाही. खरं सांगायचं तर मलाही आता कंटाळा आला आहे.

मला घडवलं दुलीचंद मिस्त्रीने. सागाची फळी, मधोमध तांब्याची चकती आणि भोवती पट्ट्यांसाठी वीस चौकोन. वीस म्हणजे खूप झाले असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

या स्पर्धेची रीत अशी. आधी साखळी सामने. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, म्हणजे दहा सामने, दोन-अडीच महिने. त्यात जो पहिला येतो त्याला एक कागदी प्रमाणपत्र मिळतं. मग चार दिवसांची बाद फेरी होते आणि तिचा अंतिम सामना जो जिंकतो त्याला मी मिळते. जबलपूरला विभागीय स्पर्धेलाही तोच संघ जातो. दहा सामने जिंकणाऱ्यांना कागद आणि एक जिंकणाऱ्यांना सगळं. असं का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारू शकत नाही.

पहिल्या वर्षी साखळीत पहिला आलेला संघच अंतिम सामनाही जिंकला. पण बक्षीस देताना माझी पट्टी कोरी होती. प्रमुख पाहुणे चिडले. "रिकामी ढाल देऊन राह्यले का? फोटोत नाव कसं येईन?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. स्पर्धेचं सगळं पाहणारे भोजराज सर कानकोंडे झाले. ते त्यांच्या मनाला फार लागलं.

दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सर मला घेऊन बसस्टँडजवळ वसंताच्या दुकानात आले. वसंता लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरतो, दारावरच्या पाट्या करतो. सर म्हणाले, "वसंता, पॉइंट टेबलात जो वर हाय, त्याचंच नाव कोरून ठेव. ऐन टाइमाले धावपळ नको."

"अन् तो हारला तर, सर?"

"टेबलात वर हाय तो कसा हारीन?"

तो हरला. मंडपामागे पोत्यावर बसून वसंताने पट्टी खोलली, पालथी केली आणि पाहुण्यांचं भाषण चालू असताना मागच्या कोऱ्या बाजूवर दुसरं नाव कोरलं. भाषण लांबलं म्हणून निभावलं. आता यातून माणूस शहाणा होईल की नाही? पण नाही. दर वर्षी सर येतात, दर वर्षी तेच सांगतात, आणि वसंता दर वर्षी छिन्नीसोबत पेचकसही घेऊन मैदानावर येतो.

वीस वर्षांत साखळीतला पहिला संघ अंतिम सामन्यातही जिंकला तो फक्त आठ वेळा. बारा वेळा पट्टी पालथी झाली. लोकांना माझी एकच बाजू दिसते. दुसरी, लाकडाला टेकलेली, मला एकटीला ठाऊक आहे. जे जिंकायला हवे होते असं सगळ्यांना वाटत होतं, त्यांची नावं तिथे आहेत.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. कपाटात दुसरा उद्योग काय असतो? साखळीत एखादा दिवस वाईट गेला तर दुसरा दिवस येतो. ताप असला, बस चुकली, कुणाचा पाय मुरगळला, सगळं अडीच महिन्यांत भरून निघतं. बाद फेरीत चाळीस मिनिटं असतात आणि ती कुणाचं काही ऐकून घेत नाहीत. शिवाय वरच्या संघाला तोवर सगळ्यांनी दोन-दोनदा पाहिलेलं असतं, आणि त्यालाच कसं अडवायचं याचा अभ्यास करून सगळे येतात.

माझं घर दर वर्षी बदललं. तिरोडीला खिडकीतून खाणीची काळी धूळ यायची आणि माझ्यावर बसायची. हट्ट्याला मी तीन महिने लोखंडी कपाटामागे पडून होते, सगळे म्हणत ढाल चोरीला गेली. बालाघाटच्या कॉलेजात तर माझ्यावर चहाचा कप ठेवत. स्पर्धा जवळ आली की चिंच आणि राख लावून मला घासायचे, तेवढ्यापुरती माझी आठवण.

एका गावी मात्र मी कधीच गेले नाही. ते लांजी.

लांजीच्या संघाची कप्तान खुशी. उंच, काटक मुलगी, बोलताना केस मागे घट्ट बांधत राहायची तिला सवय. तिच्या पहिल्या वर्षी लांजी साखळीत पहिली आली आणि अंतिम सामन्यात हरली. दुसऱ्या वर्षीही तेच. यंदा तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. लांजीने दहाच्या दहा सामने जिंकले होते, आणि माझ्यावर एकच चौकोन उरला होता.

अंतिम सामन्याच्या सकाळी लांजीची बस स्टँडवर लागली. बाकीच्या मुली पोहे खायला गेल्या आणि खुशी सरळ वसंताच्या दुकानात आली. मी फळीवर टेकून उभी होते. पट्टी बसवून झाली होती.

"काका, हे तर आमचंच नाव आहे. खेलने के पहले ही?"

"सरनं सांगतलं. टेबलात तुम्हीच वर हाव."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मागच्या दोन सालीबी कोरलं होतं?"

वसंताला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. "हौ," तो म्हणाला.

"मग ते कुठी गेलं?"

"पालथं केलं, बेटा."

खुशीने शेवटच्या पट्टीवरून बोट फिरवलं. लां, जी. बोट थंड होतं. "या वेळी पालथं नका करू," ती म्हणाली.

"माह्या हातात काय हाय? तुह्याच हातात हाय."

वसंताने ते मायेने म्हटलं होतं. पण मला त्या क्षणी त्याचा राग आला. ज्या पोरीला चाळीस मिनिटं मोकळ्या मनाने खेळायचं आहे, तिला तिचं नाव आधीच वाचायला द्यायचं नसतं.

सामना बालाघाटच्या संघाशी होता. तो साखळीत चौथा आलेला, लांजीकडून दोनदा हरलेला. मी मंडपात टेबलावर होते, मला सगळं दिसत होतं. सात सेकंद उरले तेव्हा लांजी एका गुणाने मागे होती आणि खुशीला दोन फ्री थ्रो मिळाले. साखळीत असे थ्रो तिने सहज टाकले होते. चेंडू हातात घेऊन तिने एकदा मंडपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पहिला थ्रो रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. दुसरा रिंगवर आपटून उडाला, तो बालाघाटच्या मुलीने धरला आणि शिट्टी झाली.

मला हात असते तर मी कान झाकून घेतले असते. बालाघाटच्या मुली नाचत होत्या, आणि त्यांनी का नाचू नये?

वसंता मला मंडपामागे घेऊन गेला. पोतं अंथरलं, चारही स्क्रू काढले, पट्टी पालथी केली. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. नाव कसंबसं कोरून झालं, पण यंदा त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. बारीक स्क्रू भोकात बसेना. एक तर मातीत पडला आणि तो चाचपडत राहिला.

मातीतून तो स्क्रू उचलला खुशीने. ती कधी येऊन उभी राहिली, आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

"द्या, मी लावते."

"तू काहून? राहू दे, बेटा."

"काका, भाषण संपून राह्यलं."

तिने पट्टी हातात घेतली. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला लांजी. लांजीची बाजू तिने एकदा पाहिली. "हे घासून टाकाल का नंतर?" तिने विचारलं.

"कोणाचंच नाही घासलं आजवर. सगळे आत हायेत."

"सगळे म्हणजे किती?"

"हे धरून बारा."

लांजीचं नाव माझ्या लाकडाला टेकवून तिने पट्टी बसवली आणि एकेक करून चारही स्क्रू पिळले. चौथा पिळताना तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या तांब्याच्या चकतीवर पडलं. ते तिने जर्सीच्या कडेने पुसलं आणि मला वसंताच्या हातात दिलं. पाहुण्यांनी मला उंच धरलं, फोटो निघाले, नाव अगदी स्पष्ट आलं.

आता पुढच्या वर्षासाठी गोंदियाहून नवा चकचकीत कप येणार आहे. त्याच्यावर नाव कोरायचं नाही, कागद चिकटवायचा. मला बालाघाटच्या कॉलेजातल्या सामानाच्या खोलीत हवा गेलेल्या चेंडूंच्या शेजारी ठेवलं आहे. तक्रार नाही. फिरून फिरून मी दमले आहे, एका जागी पडायला मिळालं हेच पुष्कळ.

एकच मागणं आहे. कधी मला भंगारात काढायची वेळ आली तर काढा. पण त्याआधी पेचकस घेऊन बसा आणि माझ्या पट्ट्या खोलून मागची बाजू वाचा. नीट, मोठ्याने वाचा. शेवटची पट्टी निघायला वेळ लागेल. ती तिने फार घट्ट बसवली आहे.