कापलेली खुर्ची

"मिस्त्री, पूर्ववाल्यांची खुर्ची दोन बोटं उंच करा. आजच्या आज," सभागृहाच्या साहेबांनी फर्मावलं. "सध्या त्यांचीही चलती आहे. म्हणतात, पश्चिमवाल्यांच्या बरोबरीनेच बसणार."

दोन बलाढ्य देशांच्या चिमटीत सापडलेला हा टीचभर देश. भांडण त्यांचं, बैठक मात्र याच्या ओसरीवर. पश्चिमवाल्यांची खुर्ची गेली चाळीस वर्षं दोन बोटं उंच होती, आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, अर्धं जग त्या दोन बोटांवर तोललेलं होतं. उद्या करार झाला, की दोन वर्षं सीमेवर उभा असलेला मिस्त्रीचा मुलगा सुट्टीवर घरी येणार होता.

मिस्त्री अडला तो वेगळ्याच ठिकाणी. पाय वाढवायचा म्हणजे तुकडा जोडणं आलं, आणि जोड दिसणार. आजवर त्याच्या कामात जोड म्हणून दिसला नव्हता. शेवटी त्याने पश्चिमवाल्यांच्याच खुर्चीचे पाय दोन बोटं कापले. बरोबरी ती बरोबरी.

"कापलेत कशाला?" जेवताना बायको म्हणाली. "दुसरा वर चढला, तर माणूस एक वेळ सोसतो. आपण खाली गेलेलं नाही सोसत."

"तुला काय कळतंय सुतारकाम? भाजी वाढ."

दुसऱ्या दिवशी पश्चिमेचा राजदूत खुर्चीत बसला आणि त्याचे गुडघे वर आले. त्याने गुडघ्यांकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. समोरचा नेमका हसला. बिचारा रीत म्हणून हसला होता. राजदूत उठला, मागोमाग त्याची माणसं उठली, आणि दुपारच्या आत विमानही उडालं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"बाबा, सुट्टी रद्द. इकडे दोन्हीकडून तोफा पुढे आणताहेत. कशावरून बिनसलं, काही कळलं का तिथे?"

"माझ्यामुळे," मिस्त्री म्हणाला. "मी खुर्ची कापली."

पलीकडे मुलगा खदखदून हसला. "ऐका रे, आमचे बाबा म्हणतात, ही लढाई त्यांनी लावली." त्याच्याबरोबर दहा-बारा जण हसले. "बाबा, तुमच्या थापा ऐकल्या की बरं वाटतं बघा. आईला द्या फोन."

मिस्त्रीने फोन पुढे केला. बायकोने तो कानाला लावला, "जेवलास का रे?" विचारलं आणि नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.