हातावरचं दही

मी एक जुना चिनीमातीचा सट आहे. रंग तपकिरी, काठाचा एक टवका उडालेला. भांडुपच्या चाळीत जानकीबाईंच्या ओट्यावर माझी जागा. त्यांच्या सासूबाईंनी मला घेतलं, तेव्हापासून माझ्यात दही लागतं. शेजारच्या जयंतीवहिनी विरजण न्यायच्या ते माझ्यातलंच. त्या माझ्या दह्याची तारीफ करायच्या आणि मला ती आवडायची.

मित्रांनो, या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की जानकीबाई त्याच्या हातावर चमचाभर दही ठेवतात. पुढचा घोळ या रीतीमुळेच झाला.

यंदा जानकीबाईंच्या यजमानांच्या, गुणाजींच्या, तळपायात पत्रा शिरला. पाय टम्म सुजला. डॉक्टर नीलाबाईंनी गोळ्या दिल्या. "साध्या पाण्याबरोबर घ्या. सूज उतरली नाही तर पाय चिरावा लागेल, काका," असं बजावलं.

गोळ्यांनी गुणाजींचं पोट बिघडलं. जयंतीवहिनींनी दही सुचवलं. झालं! जानकीबाई त्यांच्या हातावर दही ठेवायच्या आणि दह्यावर गोळी. आजाराशी लढायला निघालेला माणूस, त्याला दही नको? पोट जरा सावरलं, पण पाय आणखी सुजला.

"आंबटानेच सूज चढली," जानकीबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यातलं दही ओतून टाकलं आणि मला माळ्यावर पालथा घातला. मला वाईट वाटलं. पण सटाला बोलता कुठे येतं?

दही बंद होताच पोट पुन्हा बिघडलं.

"माका नको ती गोळी," गुणाजी म्हणाले. "पोटाची वाट लागली."

"अहो, पाय चिरतील ना," म्हणताना जानकीबाईंना रडू फुटलं. मग त्या त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

परतल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोळीबरोबर दूध-दही घेत होतात का?" या दोघांनी ठाम नाही म्हटलं. हातावरचं दही म्हणजे काही खाणं नव्हे! मग बोलता बोलता ते हातावरचं दही निघालं आणि डॉक्टरांनी समजावलं, की तेवढ्या दह्यानेही ही गोळी अंगी लागत नव्हती. दही चांगलंच, पोटातल्या चांगल्या जंतूंना ते हवंच. फक्त गोळी सकाळी आणि रात्री पाण्याबरोबर, दही दुपारच्या जेवणात.

मला खाली काढलं. विरजण आता वहिनींकडून आलं. माझंच होतं ते, माझ्याकडे परत आलं.

सूज उतरली. शेवटच्या तपासणीला निघताना सवयीने जानकीबाईंनी चमचा उचलला. गुणाजींनी हात मागे घेतला.

"थांब गं. गोळी आत्ताच घेतलीय."

माझ्यात दही असूनही त्या घरातून प्रथमच कुणी ते हातावर न घेता निघालं. दुपारी ते स्वतःच्या पायांनी जिना चढून आले आणि वाटीभर दही भाताबरोबर जेवले.

मित्रांनो, माझ्यातलं दही आवडीने खा. पण हाती गोळी असेल, तर मला झाकून ठेवा आणि आधी डॉक्टरांना विचारा. मी दुपारपर्यंत वाट बघेन.